सरे, पटांगण मोकळं आहे

सरे,

तू गेल्यावर तुझ्यावर लिहिणारे पुष्कळ निघाले. जन्म पेडगावचा, घर शेतकऱ्याचं, राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, इतकी वर्षं नोकरी, असं सगळं छापून आलं. फोटोही आला, तोच, ज्यात तू कुणावर तरी खेकसायच्या बेतात दिसतेस. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी त्यात तू कुठंच सापडत नाहीस. मी जन्मभर पंचनामे लिहिले. समोर दिसलं तेवढंच लिहायचं, मनातलं घालायचं नाही, अशी हाताला सवय लागलेली. तरी आज बसले आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. शेवटचं बोलणं तुझं झालं आणि उत्तर माझ्याकडं राहिलं.

भांडणाची सुरुवात तुला आठवत असेलच. परभणीच्या वसतिगृहात आपल्याला एक खोली मिळाली. तू पेडगावची, मी बोरीची. तुमची जमीन जास्त, आमची पोटापुरती, पण दोघींच्याही घरातून कॉलेजात आलेली पहिली पोरगी आपणच. दिवेलागणीला रेक्टरबाई फाटकाला कुलूप घालायच्या. पहिल्याच आठवड्यात तू त्यांना विचारलंस, "बाई, भीती बाहेरच्यांची हाय ना? मग कुलूप आमाला कामून?"

रेक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, बाळ."

खोलीत आल्यावर मी तुला झापलं. "त्या कुलपाला नावं ठेवू नको. माझ्या बापानं ते कुलूप बगून मला इथं सोडलंय. न्हाईतर मी आज बोरीत शेण थापत असते."

"कुलपानं तुला शिकवलं न्हाई, गोदे. तुझ्या बापाला आधी बाहेरची भीती घातली, मग कुलूप दाखवलं. भीती बी त्यांचीच अन् कुलूप बी त्यांचंच."

"भीती खोटी व्हती का पण?"

"खोटी नव्हती," म्हणालीस. "तिथंच तर घोळ हाय."

पुढं जन्मभर आपण तेच एक भांडण भांडलो. जागा बदलल्या, वयं बदलली, केस पांढरे झाले, पण मुद्दा तोच. तू सिद्धांत शिकवायला गेलीस आणि मी फौजदाराची परीक्षा पास झाले. तुझ्या घरच्यांना वाटलं, एकीनं तरी अक्कल वापरली.

तुझं शिकवणं मी एकदाच पाहिलं, ड्युटीवर असताना, कॉलेजच्या खिडकीतून. फळ्यावर गावाचा वेडावाकडा नकाशा होता. तू पोरांना सांगत होतीस, "सत्ता दिल्लीत, मुंबईत शोधू नका. आपल्या गावात कुठं गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, कुठं बसायला खुर्ची मिळत न्हाई, कुठं गेल्यावर कुणीतरी विचारतं की इथं काय काम हाय, तिथं खूण करा. झाला राज्यसत्तेचा नकाशा." पोरं खुणा करत सुटली. एका पोरीनं स्वतःच्या घराच्या ओसरीवर खूण केली. तू तिला नाव विचारलं नाहीस, कारणही नाही. फक्त म्हणालीस, "बरोबर हाय. तीबी जागाच हाय." मी तिथून निघाले तेव्हा मनात आलं की ही बाई वर्गात जे करतेय ते आमच्या खात्याला कळलं तर तिच्यावर लक्ष ठेवायला मलाच सांगतील.

आणि माझ्यासाठी तू काय केलंस, ते मी तुला कधी बोलले नाही. नोकरीच्या पहिल्या ठाण्यात मी एकटी बाई. बायकांसाठी संडास नव्हता. मी सकाळपासून पाणी पीत नसे. मला ती माझी वैयक्तिक अडचण वाटायची, लाजेची. तू रविवारी भेटायला आलीस, माझं तोंड सुकलेलं पाहिलंस आणि दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलंस. मग म्हणालीस, "राज्यानं तुला वर्दी दिली, जागा दिली न्हाई. म्हंजे राज्याच्या डोळ्यासमोर अजून गडीच उभा हाय. ही तुझी लाज न्हाई, गोदे, त्यांची हाय." सोमवारी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि मागणी केली. खोली मिळाली, संडासही मिळाला. माझ्यानंतर तिथं ज्या पोरी रुजू झाल्या त्यांना ते आधीपासूनच आहे असं वाटतं. वाटू दे. मला मात्र माहीत आहे की तो संडास राज्यशास्त्राच्या एका सिद्धांतावर बांधलेला आहे.

पण मीही तुला काही दाखवलं, हे कबूल कर. एका उरुसाच्या बंदोबस्ताला मी तुला मुद्दाम बरोबर नेलं. म्हटलं, भर उन्हात उभी राहून बघ, मग बोल. दर्ग्याकडं जाणाऱ्या बोळात मी दोऱ्या बांधून जाणारे आणि येणारे वेगळे केले होते. दुपारी मागून रेटा आला. तू माझ्या शेजारी होतीस. लेकरं खांद्यावर घेतलेली माणसं, म्हाताऱ्या, सगळे दोरीला धरून एका ओळीत निघून गेले, कुणी पडलं नाही. चहाच्या टपरीवर तू बशीत चहा ओतलास.

"आज तुझी दोरी बरोबर व्हती," म्हणालीस.

"मग हार मान."

"दोरी संध्याकाळी सोडणार ना?"

"सोडणार की. कायमची कोण बांधतं?"

"म्हणून बरोबर व्हती. ज्या दोऱ्या काम झाल्यावर बी सुटत न्हाईत, मी त्यांच्याबद्दल बोलायलेय."

त्या दिवशी मला तुझं शास्त्र पहिल्यांदा कळलं. पुस्तक न उघडता.

मग आलं पटांगणाचं प्रकरण. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तू जिथं नोकरी केलीस आणि निवृत्तीनंतर मीही जिथं घर बांधलं, ते तालुक्याचं गाव, एवढं पुरे. सरकारी कचेरीसमोर मोठं पटांगण. पोळ्याला बैल तिथंच जमतात, मोहरमची सवारी तिथंच टेकते, खेड्यातून आलेल्या बाया जीप भरेपर्यंत लिंबाखाली बसतात, आणि कुणाचं काही दुखलं की तो सतरंजी टाकून कचेरीकडं तोंड करून धरणं धरतो. एका धरण्याच्या दिवशी गोंधळ झाला, दगड आले, आणि पटांगणाच्या कडेला किराणा दुकान असलेल्या मुंजाजीशेटची दर्शनी काच फुटली. त्यानंतर नव्या प्रांतसाहेबांनी ठरवलं की पटांगणाला लोखंडी कुंपण घालायचं, एकच फाटक ठेवायचं, पहारेकरी बसवायचा, कोपऱ्यावर कॅमेरा लावायचा. ज्यांना धरणं धरायचं त्यांनी गावाबाहेर, गोदामाच्या मागं जायचं, जिथं कुत्रंही फिरकत नाही.

तू तडक माझ्याकडं आलीस. तेव्हा तुझ्या पोटाच्या आजाराचं निदान झालेलं होतं, पण त्याबद्दल एक शब्द नाही.

"गोदे, एक काच फुटली म्हणून सगळ्या गावाला दाराबाहेर काढायचं का?"

"अधिकाऱ्याला जीव नसतो का, सरे? उद्या दगड डोक्यात बसला तर?"

"भांडू नको. आज मी तुला मैत्रीण म्हणून विचारत न्हाई. तू इन्स्पेक्टर म्हणून जा, पटांगण बग, अन् मला सांग, ह्या कुंपणानं ती जागा सुरक्षित व्हायलीय का."

मी गेले. दोन्ही कडांनी चालले, फाटकाची जागा पाहिली, बोळ पाहिले. परत येऊन तुला सांगितलं, "न्हाई. उलटं हाय. हजार माणूस आत अन् बाहेर पडायला एकच फाटक. पोळ्याला एक बैल जरी उधळला तरी माणसं कुंपणावर चिरडतील. असला बंदोबस्त मी नोकरीत कुणाला करू दिला नसता."

तू टाळी वाजवलीस, लहान पोरीसारखी. लगेच गंभीर झालीस. "अन् उद्या त्यांनी चार फाटकं ठेवली तर? मग तू मान्य करशील?"

"करीन."

"मी करणार न्हाई."

आपण एकाच बाजूला होतो आणि तरी भांडत होतो. हे मला कुणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते.

प्रांतसाहेबांनी बैठक बोलावली. माणूस वाईट नव्हता. तरुण, नम्र, कामसू. तुला बसायला त्यांनी स्वतः खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, हे सगळं तुमच्याच सुरक्षिततेसाठी चाललंय."

"पण साहेब, मला भीती वाटते हे तुमाला कुणी सांगितलं?" तू विचारलंस. "मी तर सांगितलं न्हाई."

लोक हसले. तेवढ्यात मुंजाजीशेट उठले. "बाई, तुमचं पुस्तकातलं राहू द्या. काच माझी फुटली. माझी नात गल्ल्याशेजारी बसली व्हती. दगड तिला लागला असता तर? मला पाहिजे कुंपण. मीच अर्ज दिलाय."

सगळे तुझ्याकडं बघायला लागले. तू त्यांना उडवून लावलं नाहीस. "शेट, तुमची भीती खरी हाय," म्हणालीस. "तिला खोटं म्हणणारी मी कोण? पण मला एक सांगा. जिथं बसून बोलता येतं ती जागाच काढून घेतली, तर माणसं बोलायची थांबतील का? ती दुसरीकडं बोलतील. अन् तिथं बसायला सतरंजी नसल, हातात दगड असल. तुमच्या नातीला कशाची भीती जास्त हाय?"

शेट खाली बसले, पण पटलेलं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं. मी फाटकाचं आणि बैलाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "विचार करू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात खांब रोवायला सुरुवात झाली.

मला वाटलं, संपलं. तू मात्र तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांना घरी बोलावलंस. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी शिवणक्लास चालवणारी. तू एवढंच सांगितलंस, "काई मोडायचं न्हाई, कुणाला अडवायचं न्हाई, घोषणा न्हाई. रोज संध्याकाळी पटांगणात जायचं अन् आपलं काम करायचं. जागा वापरणाऱ्याची असती. आपण वापरायचं विसरलो, म्हणून ते कुंपण घालायलेत."

आणि गाव जायला लागलं! शिवणक्लासच्या बाया मशिनी घरीच ठेवून हातशिलाई घेऊन आल्या. भजनी मंडळ आलं. दहावीच्या पोरांचा गणिताचा तास लिंबाखाली भरला. कबड्डीची रेघ आखली गेली. आणि पोरी सायकल शिकायला आल्या, आधी चारदोन, मग घोळकाच. कुणाच्या आया, कुणाच्या आत्या, साड्या खोचून त्याही शिकायला लागल्या. खांब रोवणारे मजूर म्हणायचे, "जरा सरका." सगळे हसत सरकायचे, काम झालं की परत यायचे. चौथ्या बाजूपर्यंत पोचता पोचता मजुरांनीच संध्याकाळचं काम बंद केलं आणि कबड्डी बघत बसायला लागले.

ठाण्यातला तरुण फौजदार मला भेटायला आला. बिचारा घामाघूम. "मॅडम, वरून विचारणा आलीय. हा जमाव हाय का?"

"जमाव हाय."

"मग काय करू?"

"बेकायदेशीर कशावरून म्हणशील? जमावाचा उद्देश काय लिहिशील?"

समोर एक पोरगी सायकलवरून धपकन पडली आणि झटकून उठली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. "सायकल शिकणे," म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं.

पोळ्याच्या दिवशी तीन बाजूंना खांब आणि जाळी उभी होती, रखडलेली चौथी बाजू अजून मोकळी. बैल आले, शिंगांना बेगड, अंगावर झुली. प्रांतसाहेब पूजेला आले होते. कुणीतरी फटाका लावला आणि एक खिलार बैल बिथरला. वेसण तुटली. माणसं जिकडं वाट फुटेल तिकडं पळाली. जाळीकडं गेलेली माणसं एकमेकांवर दाबली गेली, लेकरं रडायला लागली. मी ओरडले, "मोकळ्या बाजूनं! मोकळ्या बाजूनं!" फौजदारानं धावत जाऊन लोकांना तिकडं वळवलं. पटांगण बघता बघता रिकामं झालं. बैल मधोमध एकटा उभा राहिला, फुरफुरत, मग त्याच्या धन्यानं त्याला चुचकारून धरलं. खरचटलं खूप जणांना, गेलं कुणीही नाही.

साहेब कचेरीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी जाळी पाहिली, मोकळी बाजू पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आठवड्याच्या आत हुकूम निघाला. कुंपण रद्द, खांब काढायचे, धरणं पूर्वीसारखं जागच्या जागी.

खांब उपटायच्या दिवशी तू दवाखान्यातून रिक्षात बसून आलीस. हाताला सलाईनची पट्टी तशीच. लोकांनी हार आणला, माईक आणला, तू दोन्ही बाजूला सारलंस. चपला काढल्यास, पटांगणाच्या मधोमध गेलीस आणि मांडी घालून बसलीस.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"काई न्हाई. काई काम नसताना बसायलेय. ह्याच्याचसाठी तर भांडलो."

मग एकेक करून सगळं गाव तुझ्याभोवती बसलं. कुणीतरी गरम भज्यांचं पातेलं आणलं. डॉक्टरांनी मना केलेलं असूनही तू खाल्लीस, मिरचीसकट. मी तुला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. खांब एकेक करून निघत होते आणि पोरं प्रत्येक खांबाला ओरडत होती. त्या गोंगाटात मी तुझ्या कानात म्हटलं, "चार फाटकं केली असती तर मी मान्य केलं असतं, हां."

"मला म्हाईत हाय," तू म्हणालीस. "म्हणून तर तुला संगं ठेवलं. समदी माझ्यासारखीच असती तर मला विचार करावा लागला नसता."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. तेव्हा मी भजी खात बसले. आता म्हणते, माझंही तसंच होतं, सरे.

शेवटची भेट दवाखान्यात. पहारेकऱ्यानं मला खालीच अडवलं, भेटायची वेळ संपली म्हणून. मी इन्स्पेक्टर होते म्हटलं तरी ऐकेना. शेवटी तुझ्या नर्सनं वर घेतलं. तुला हकीकत सांगितली तर तू पोट धरून हसलीस, दुखत असूनही. "आता कळलं, फाटकाच्या बाहेर कसं वाटतं?" मग लगेच कामाचं काढलंस. पटांगणाच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा तसाच राहिला होता.

"राहू दे की," मी म्हटलं. "चोर सापडतो त्यानं."

"सापडू दे. पण बघणाऱ्याला कोण बघतं, ते सांग."

मी तोंड उघडलं आणि नर्स आत आली. मला उठावं लागलं. सकाळी तू नव्हतीस.

तर माझं उत्तर ऐक. परवा मी ठाण्यात गेले. विचारलं, पटांगणाचं चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवता, कुणाला देता, ते गावाला कळायला नको का? फौजदार म्हणाला, "मॅडम, असं आजवर कुणी विचारलंच न्हाई." आता मी विचारत राहणार आहे, उत्तर कचेरीच्या भिंतीवर लागेपर्यंत. पण तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. चोर सापडतो, हे माझं म्हणणं कायम आहे.

शोकसभा पटांगणातच घेतली. चुडाव्याकडून तुझे विद्यार्थी रेल्वेनं आले, पेडगावहून तुझी भावंडं आली, माझ्या बोरीचीही माणसं होती. प्रांतसाहेब आले आणि सतरंजीवर मागं बसले. चारपाच जण गोड गोड बोलले. मला तर वाटलं, तू असतीस तर उठून गेली असतीस.

मग मुंजाजीशेट उठले. म्हणाले, "बाई चांगल्या व्हत्या. पण त्या चुकल्या. मी आज बी म्हणतो, थोडं तरी कुंपण पाहिजे. माझी भीती अजून गेलेली न्हाई." लोक चिडले. "खाली बसा! आज हे बोलायचा दिवस हाय का?" दोघंतिघं त्यांचा हात धरायला धावले.

मी उभी राहिले. बंदोबस्तावर लावत होते तो आवाज लावला. "त्यांना बोलू द्या. जागा त्यांची बी हाय."

शेट बोलले, पोटभर. तुझ्याविरुद्ध, तुझ्याच शोकसभेत, तुझ्या भावंडांसमोर. कुणी त्यांना हात लावला नाही. मग शिवणक्लासच्या बाईंनी त्यांना उत्तर दिलं. त्यांना दहावीच्या पोरानं खोडून काढलं. एका म्हातारीनं विचारलं, पटांगणात दिवा कधी लावता, अंधारात आमी जीपची वाट बघायची का? साहेब उठून पुढं आले आणि सगळ्यांसमोर उभं राहून तिला उत्तर द्यायला लागले. त्यांचं अर्धं पटलं, अर्धं पटलं नाही, तेही लोकांनी तोंडावर सांगितलं. आवाज चढत होते, हशा पिकत होता, मागची माणसं पुढं सरकत होती, आणि पोरी सायकली कडेला लावून ऐकत उभ्या होत्या.

श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं असतं. सरे, ते राहूनच गेलं.